निर्गुडीची काडी

मुंजाजीचा आपल्या बायकोवर भारी जीव होता, आणि ही गोष्ट सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठच्या त्या गावात फक्त दोघांना ठाऊक होती. एक चांगुणाला आणि एक त्याला स्वतःला. तिसऱ्या माणसाला कळू नये म्हणून त्या बाबानं लग्नापासून जो आटापिटा केला, तेवढा शेतात केला असता तर घरावर पत्रे चढले असते. बायकोवर जीव लावावा, पण दिसू देऊ नये, असं आपल्याकडं कधी कोणी ठरवलं कोण जाणे. ठरवणारा मरून गेला, आणि निस्तरणं मागच्यांच्या गळ्यात पडलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे मुंजाजीची आई, गोजरबाई. चुलीपासून दावणीपर्यंत सगळा कारभार तिचा. दिवसाउजेडी मुंजाजीनं बायकोशी बोलायचं म्हणजे 'पाणी' एवढंच, आणि बायकोनं उत्तर द्यायचं म्हणजे तांब्या पुढं सरकवायचा. बाजाराला निघाले की तो पुढं, ती मागं, मधून बैलगाडी सहज निघून जावी एवढं अंतर. पण काट्याकुट्याची वाट आली की या गड्याची वहाण हमखास निसटायची. मग तो खाली बसायचा, वहाणेचा अंगठा नीट करत राहायचा, आणि चांगुणा जवळ आली की उठायचा. वहाणेला काही झालेलं नसायचं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"वहाणा बदला आता," ती हळूच म्हणायची आणि पदराआड हसायची.

खरी गंमत जेवणाच्या ताटात होती. नवरा जेवून उठला की त्याच्याच ताटात बायकोनं जेवायचं, अशी त्या घरची रीत. ज्यानं ही रीत पाडली त्यानं बायकोला तिची पायरी दाखवायलाच पाडली असणार. मुंजाजीनं मात्र त्या रीतीचा भलताच उपयोग करून घेतला. दुधावरची साय गोजरबाईच्या ताब्यात असायची. ती लेकाच्या ताटात पडायची, सुनेच्या वाट्याला कधीच नाही. मुंजाजी साय खाल्ल्यासारखं करायचा, तिच्यावर शेवटची चतकोर भाकर झाकायचा आणि उठायचा. चांगुणा भिंतीकडं तोंड करून जेवायला बसायची, चतकोर उचलायची, आणि तेवढा वेळ तिला सासर गोड लागायचं. याबद्दल दोघं एकमेकांशी कधी चकार शब्द बोलले नाहीत. बोलायची गरजच पडली नव्हती. गरज पडली तेव्हाच घात झाला.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या सालचा पोळा झकास झाला. मुंजाजीकडं भावकीतल्या गड्यांची पंगत होती. चांगुणा पहाटेपासून पुरण वाटत होती, पोळ्या लाटत होती, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत होती. मुंजाजीला ते दिसत होतं, आणि आत कुठंतरी तुटत होतं. तोंडानं काही म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यानं आपल्या परीनं केलं. तुपानं थबथबलेली एक आख्खी पोळी त्यानं दुमडून तुकड्याखाली झाकली आणि हात धुवायला उठला. सणाच्या गडबडीत आईची नजर ताटावर आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"आगं माय माय!" गोजरबाईनं कपाळावर हात मारला. "सणाच्या दिशी माझं लेकरू ताटात टाकून उठलं! काय गं चांगुणे, पुरणात माती कालवली का?"

 पंगतीत मुंजाजीचा चुलतभाऊ नरसिंग बसला होता. दिवसातून एकदा कोणाची तरी टर उडवल्याबिगर या नरसिंगाचं अन्न पचत नसे.

"का रं मुंजा," तो म्हणाला, "पुरण बिघडलं, का वैनीसाठी झाकून ठिवली?"

सगळे खो खो हसले. चांगुणा चुलीजवळ उभी होती. ती हसली नाही, तिनं नुसतं नवऱ्याकडं पाहिलं. एक शब्द पुरे होता. 'व्हय' एवढाच. पण मुंजाजीचे कान तापले.

"छ्या! काय बोलतू? पुरण कच्चं व्हतं."

आता पुरण काही कच्चं नव्हतं. नरसिंगानं सहा पोळ्या रिचवल्या होत्या, आणि कच्च्या पुरणाच्या सहा पोळ्या खाणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तरी त्यानंसुद्धा मान डोलावली. त्याच्यामागं साऱ्या पंगतीनं डोलावली, आणि सणाच्या दिवशी चांगुणाचं पुरण भरल्या घरात कच्चं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाजी गोठ्यात होता तिथं ती आली. हातात गाठोडं होतं.

"अवं, एवढंच सांगा. पुरण कच्चं व्हतं का?"

त्यानं बाहेर पाहिलं. गोजरबाई अंगण झाडत होती, आणि झाडता झाडता तिचा खराटा एकाच जागी फिरत होता.

"बैलांना पाणी दाखवायचं राह्यलंय," मुंजाजी म्हणाला आणि बैल सोडून चालता झाला.

चांगुणा सडकेला गेली, एस्टीत बसली आणि शिरड शहापूरला माहेरी निघून गेली.

आता रुसून गेलेल्या बायकोला आणायचीही रीत असते. नवऱ्यानं आपण होऊन जायचं नाही. भावकीतलं जाणतं माणूस पाठवायचं, त्यानं तिकडं दोन घोट चहा प्यायचा, दोन शब्द ऐकून घ्यायचे आणि लेकीला घेऊन यायचं. पण माणूस पाठवायचं घरच्या वडीलधाऱ्यानं, म्हणजे गोजरबाईनं. आणि गोजरबाई म्हणाली, "आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं यील. मी काहून कुणाला पाठवू?" मुंजाजी मूग गिळून बसला.

बसला खरा, पण घर त्याला खायला उठलं. ताटातली साय आता कोणासाठी झाकायची? त्यानं ती खाऊन पाहिली, तर घशाखाली उतरेना. शेवटी बाजाराच्या दिवशी तो सदरा घालून एस्टीत बसला आणि शिरड शहापूरला उतरला. बायकोला आणायला मात्र नाही हं! बाजाराला. बाजाराला जायला कोणाची मनाई आहे?

चांगुणा बाजारात होती. कासाराच्या पालापाशी बांगड्या बघत उभी होती. तिनं त्याला पाहिलं, पदर सारखा केला आणि बांगड्या बघायच्या सोडून दोन पावलं इकडं सरकली. तोही सरकला. मधे दोरखंडवाल्याचं दुकान आलं. मुंजाजी तिथं थांबला आणि छातीची धडधड ऐकू जाऊ नये म्हणून मोठ्यानं बैलांच्या कासऱ्याचा भाव विचारायला लागला. तेवढ्यात चांगुणाचा थोरला भाऊ संतराम समोरून आला.

"राम राम, दाजी! आलात का घिऊन जायाला?"

संतरामनं हे चांगल्या मनानं विचारलं होतं. हो म्हटलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं बहिणीची साडीचोळी केली असती आणि दोघांना एस्टीत बसवून दिलं असतं. पण दोरखंडवाला ऐकत होता, गिऱ्हाइकं ऐकत होती, आणि बायकोच्या मागं स्वतः आलेला नवरा कसा दिसतो हे बघायला दोघं-चौघं थांबलेही होते.

"छ्या! कासरे घ्यायला आलतो."

"कासरे? पोळा झाल्यावर?"

"पोळा झाल्यावर सस्ते मिळतेत."

चांगुणा हे ऐकून माघारी वळली. बांगड्या तशाच राहिल्या. मुंजाजी दोन कासरे घेऊन घरी आला. पुढच्या बाजारालाही गेला, दोन कासरे घेऊन आला. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. दिवाळी आली अन् गेली, घराच्या खुंट्यांवर कासऱ्यांची भेंडोळी लोंबायला लागली. दावणीला बैल दोनच. गोजरबाई म्हणाली, "मुंजा, काय गाव बांधून ठिवायचं हाय का रं?" बायको सोडून त्यानं सगळं बांधायची तयारी केली होती.

संतरामचं डोकं मात्र फिरलं. माणूस दर बाजाराला गावात येतो आणि दाराशी येत नाही, हा कुठला न्याय? गाव विचारतं, तोंड कोणाला दाखवायचं? त्यानं निरोप धाडला: नांदवायची असली तर मानानं घेऊन जा, नाहीतर काडी मोडून द्या.

काडी मोडणं म्हणजे फारकत. पंचांसमोर नवऱ्यानं काडी मोडायची आणि दोन तुकडे दोन बाजूंना फेकायचे. तुकडे पडले की संसार संपला. बाई मोकळी, गडी मोकळा. गोजरबाईला हे पसंत होतं. तिनं सेनगावकडची एक पोरगी हेरूनही ठेवली होती. दिवस ठरला, जागा ठरली: दोन्ही गावांना सोयीचा, उकंडरावांचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा आणि त्यापुढचं अंगण.

उकंडराव म्हणजे पंचांतले म्होरके. भला माणूस, पण शकुनाचा वेडा. शिंक आली की बाजार रद्द करणारा, मांजर आडवं गेलं की तहसिलीतून घरी परतणारा. या एका गोष्टीवर मुंजाजीनं आठ दिवस विचार केला, आणि त्याला जन्मात पहिल्यांदा अक्कल सुचली. काडी मोडलीच नाही तर? तर उकंडराव म्हणणार, देवालाच मंजूर नाही. पंच चांगुणाला परत नांदायला पाठवणार. आई पंचांपुढं बोलणार नाही, संतरामचा मान राहणार, आणि मुंजाजीला तोंडातून एक शब्दही काढावा लागणार नाही. बायको घरी, आणि जीव लावल्याचा आळ देवावर! त्याला एवढा आनंद झाला की बैलांना त्या दिवशी त्यानं दोनदा पेंड घातली.

ठरल्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत तो कालव्याकाठी गेला. तिथं निर्गुडी माजली होती. गावात धान्याची कणगी विणतात ती निर्गुडीच्या फोकांची. कशीही वाकवा, पीळ द्या, मोडायचं नाव नाही. त्यानं करंगळीएवढ्या जाडीची ओली, रसरशीत काडी तोडली, पानं ओरबाडली, वास जावा म्हणून मातीत घोळवली आणि ती वाळल्यासारखी दिसते का हे लांब धरून बघितलं. "चांगुणे," तो त्या काडीलाच म्हणाला, "आज घरी जाऊ." मोठ्यानं म्हणाला. कालव्याकाठी कोणी नव्हतं, म्हणून जमलं.

आखाड्यावर गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाडजूड रोडगे भाजत होते. पंच जमले की वरण-रोडगे आणि वांग्याची भाजी ही आलीच, मग कोणाचा संसार जुळो की मोडो. पंचांचं अर्धं लक्ष आरावर होतं. एका बाजूला गोजरबाई आणि नरसिंगासकट भावकी, दुसऱ्या बाजूला संतराम, आणि त्याच्या मागं खाली मान घालून चांगुणा.

"काय तकलीफ हाय बाई?" उकंडरावांनी सुरुवात केली. "मारझोड करतू का?"

"न्हाई."

"दारू पेतू?"

"न्हाई."

"मंग बाहेरचा नाद?"

"न्हाई जी."

"मंग झालंय तरी काय?"

 चांगुणा म्हणाली, "त्यास्नी माज्या हातचं गोड लागत न्हाई."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, ती त्याला विचारत होती. पंचांना ते कळलं नाही. मुंजाजीला चांगलं कळलं. पण नरसिंग त्याच्याकडंच बघत होता, ओठांवर काहीतरी तयार ठेवून.

"खरं हाय का रं मुंजाजी?"

"आता... त्या टायमाला..."

"व्हय का न्हाई?"

"व्हय," मुंजाजी म्हणाला. मनात म्हणाला, म्हणू दे. काडी हाय ना आपली.

"बराबर. कारण झालं," उकंडराव म्हणाले. "काड काडी."

मुंजाजीनं काडी काढली, दोन्ही हातांत धरली आणि जोर लावला. काडी वाकली. अजून वाकवली, तर टोकाला टोक लागलं. त्यानं सोडली, ती सरळ झाली. दुसऱ्या बाजूनं वाकवली, पीळ दिला, गुडघ्यावर घेतली. साल निघाली, आतला पांढरा गाभा दिसला, पण काडी काही तुटेना. मुंजाजी कपाळावरचा खोटा घाम पुसू लागला.  उकंडरावांनी हातातली तंबाखू खाली ठेवली. त्यांचे डोळे मोठे झाले, जसे मुंजाजीनं आठ दिवस मनात पाहिले होते, अगदी तसेच.

"थांबा रे," ते म्हणाले. "ही काय साधी गोष्ट न्हाई. देवाच्या मनात..."

आणि चांगुणानं मान वर केली. तीही कुणब्याचीच लेक. सोललेली निर्गुडी तिला ओळखू येणार नाही होय? तिनं काडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि ती हसली. भरल्या माणसांत, पदर तोंडावर न घेता, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती अशी उघड हसली. आणखी एवढासा दम धरायचा होता. उकंडरावांचं वाक्य पुरं होईपर्यंत. बस्स, तेवढाच!

"मुंजा," नरसिंग ओरडला, "मनगटात जोर न्हाई का रं? का वैनीच्या हातात दिऊ काडी? त्या मोडतेल!"

आखाडा हसून लोळायला लागला. रोडगे भाजणारा गडी हसला, पंच हसले, संतरामसुद्धा नको नको म्हणत हसला. "अरं, करंगळीएवढी काडी मोडंना, ह्यानं बायको काय नांदवावी!" कोणीतरी मागून म्हणालं. मुंजाजीनं चांगुणाकडं पाहिलं. ती अजून तशीच हसत होती. सगळ्यांच्या हसण्यात तिचं हसूही मिसळलं, आणि या मूर्खाला वाटलं, हीसुद्धा मलाच हसून राहिली.

'मोडेन पण वाकणार नाही' म्हणणाऱ्याला आपल्याकडं मर्द म्हणतात. मुंजाजीच्या अंगात तो मर्द शिरला. त्यानं निर्गुडीची काडी भिरकावली, गोठ्याच्या कुडातली तुरीची एक वाळकी तुराटी उपसली आणि म्हणाला, "जोर बघायचा हाय? बघा!"

काडकन!

दोन तुकडे दोन बाजूंना जाऊन पडले. नरसिंगाचं हसू तोंडातच राहिलं. मुंजाजी हातांकडं बघत उभा राहिला. आपण काय केलं हे त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं.

उकंडरावांचं वाक्य अजून अर्धंच लटकलं होतं. ते टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"...व्हतंच," ते म्हणाले. "देवाच्या मनात व्हतंच. मोडली."

पंच उठले. राख झटकून रोडगे पराती भरून काढले गेले, आणि मघाशी हसणारी सगळी माणसं हात धुवायला गेली. गोजरबाई पंगतीकडं बघायला गेली. चांगुणानं गळ्यातलं डोरलं सोडलं आणि तिथल्या बाजेवर ठेवलं. संतराम बैलगाडी जुंपायला पुढं गेला होता. जाता जाता ती मुंजाजीपाशी थांबली. खाली पडलेली सोललेली काडी तिच्या पायाजवळच होती. तिनं ती उचलली नाही.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुमी मुद्दाम ओली आणली."

 मुंजाजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आई नव्हती, नरसिंग नव्हता. ऐकायला आसपास कुत्रंसुद्धा नव्हतं. तेही रोडग्यांच्या वासानं तिकडं गेलं होतं. आता खरं बोलायला कोणाची आडकाठी नव्हती. तुराटी मोडली तर मोडली, मोडलेलं जुळवायच्याही रीती असतात. त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडातून जे रोज निघायचं तेच निघालं.

"मुद्दाम काहून आणीन? हाताला लागली ती आणली."

चांगुणानं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. वहाण निसटली, कासरे घ्यायला आलतो, पोळा झाल्यावर सस्ते मिळतेत, असं त्यानं आजवर जे जे सांगितलं होतं, त्यातलं अक्षरही तिनं कधी खरं धरलं नव्हतं. पुरणाचंसुद्धा धरलं नव्हतं. नाहीतर ती बाजारात कशाला येती?

"बरं," ती म्हणाली. सगळ्या संसारात पहिल्यांदाच तिनं त्याचं बोलणं खरं मानलं.